वाचकांचे प्रश्न : दीड मीटरची लाट खाडीच्या तोंडाशी अडीच मीटर कशी होते?

(समुद्रावरचं हवामान आणि त्याचे अंदाज यांवर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न : अंदाजात लाटेची उंची दीड मीटर दिली होती. बाहेर समुद्र बराच शांत होता, पण परतताना खाडीच्या तोंडाशी पुरुषभराहून मोठ्या लाटा फुटत होत्या. अंदाज चुकला म्हणायचा का? – एक नाखवा, वर्सोवा

अंदाज बरोबर होता, फक्त तो अर्धाच वाचला गेला. अंदाजात ‘दीड मीटर’ असतं तेव्हा तो सगळ्यांत मोठ्या लाटेचा आकडा नसतो. आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा घेऊन काढलेली ती सरासरी असते. हजारभर लाटांत एखादी त्याच्या जवळपास दुप्पट निघणारच, आणि तीही भर समुद्रात. खाडीच्या तोंडाचा हिशेब आणखी वेगळा असतो.

उंचीच्या शेजारीच आणखी एक आकडा असतो, त्याकडे सहसा कुणी बघत नाही. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत किती सेकंद जातात, तो हा आकडा. इथल्याच वाऱ्याने उठवलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते. चौदा सेकंदांची लाट मात्र इथली नव्हे. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्याही खाली झालेल्या वादळाची ती लाट असते आणि मुंबईपर्यंत यायला तिला आठवडाभर लागतो. म्हणूनच आपल्याकडे पानही हलत नसताना समुद्र फुगलेला दिसतो.

या दोन लाटा उथळ पाण्यात अगदी वेगळ्या वागतात. सहा सेकंदांच्या लाटेला जेमतेम 28 मीटर खोलीवर तळ जाणवू लागतो, तर चौदा सेकंदांच्या लाटेला दीडशे मीटरवरच. तळ लागला की लाट मंदावते, आखडते आणि उंच होते. दोन्ही लाटा बाहेर दीड मीटरच्याच धरल्या, तर फुटताना सहा सेकंदांची पावणेदोन मीटरच्या आसपास भरते आणि चौदा सेकंदांची अडीच मीटरच्या घरात जाते. फुटण्याची जागाही ठरलेली असते. लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोली उरली की ती कोसळते. म्हणजे अडीच मीटरची लाट साधारण तीन-सव्वातीन मीटर पाण्यात फुटणार, आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो तिथे ओहोटीला तेवढंच पाणी असतं.

त्यात ओहोटीचं पाणी बाहेर धावत असेल तर लाट समोरून अडते, जवळ जवळ येते आणि भिंतीसारखी उभी राहते. होडी आडवी होऊन उलटण्याचे प्रसंग बहुतेक इथलेच. ओहोटीची ओढ सर्वांत जास्त असते ती तिसऱ्या-चौथ्या तासाला.

वेळ काढायला जुना हिशेब आजही पुरतो : तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. पुढची भरती 12 तास 25 मिनिटांनी, आणि मधली पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या आसपास येते. त्या दिवशी सकाळी पावणेसहा ते आठ या वेळात तोंडातून आत शिरायचं टाळा. भरतीचे शेवटचे दोन तास सर्वांत चांगले. मिनिटांवर काम असेल तर बंदराचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच घ्या. तिथीचा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि कोष्टकातही वाऱ्याने चढलेलं पाणी धरलेलं नसतं.

तोंडाबाहेर थांबून घड्याळ लावा. पहिल्या माथ्यापासून अकराव्या माथ्यापर्यंतचे सेकंद मोजा आणि दहाने भागा. उत्तर बारापेक्षा जास्त आलं आणि अंदाजातली उंची मीटरच्या वर असली, तर घाई नको. मोठ्या लाटा पाच-सातच्या झुंडीने येतात. झुंड जाऊ द्या आणि मागच्या शांत पाण्यात आत या. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी समुद्र-माहिती केंद्राच्या अंदाजात स्वेलची (लांबून आलेल्या लाटेची) उंची, सेकंद आणि दिशा वेगळी दिलेली असते, ती निघण्यापूर्वीच बघितलेली बरी.

प्रश्न : इशाऱ्यात ‘ताशी 45 ते 55, झोत 65 किलोमीटर’ असं येतं, बोटीवर मात्र नॉट चालतो. शिवाय ‘किनाऱ्यालगत’ आणि ‘किनाऱ्यापासून दूर’ यांत फरक काय? – माहीम

किलोमीटरचा आकडा निम्मा करा आणि त्यात दहा टक्के मिळवा, कामापुरते नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) मिळतात. 45 ते 55 म्हणजे 24 ते 30 नॉट आणि 65चा झोत म्हणजे 35 नॉट. पहिला आकडा काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. झोत क्षणाचा असतो, पण डोलकाठी मोडतो तो झोतच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वीसचे चाळीस नॉट झाले की जोर चौपट होतो.

हवामान खात्याचं किनारी पत्रक किनाऱ्यापासून 75 किलोमीटरपर्यंतचं असतं, म्हणजे साधारण 40 सागरी मैल. त्यापुढे जाणाऱ्याने समुद्री क्षेत्राचं वेगळं पत्रक पाहायला हवं. मुंबईकरासाठी ते बहुधा ‘पूर्व-मध्य अरबी समुद्र’ किंवा ‘ईशान्य अरबी समुद्र’ या नावाखाली सापडतं.

प्रश्न : आभाळ निरभ्र असताना बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा का लावतात? आणि 5, 6, 7 नंबर म्हणजे वाढतं वादळ ना? – कुलाबा

1 आणि 2 नंबरचे बावटे दूरच्या घडामोडीचे आहेत. 1 म्हणजे दूर समुद्रात वादळ तयार होऊ शकेल असं खराब हवामान आहे, 2 म्हणजे वादळ झालेलं आहे. त्या वेळी बंदरावर ऊन असू शकतं. 3 नंबर मात्र आपल्याच बंदरासाठी असतो. सोसाट्याचा वारा इथे येऊ शकतो, असा त्याचा अर्थ.

5, 6, 7 ही चढती भाजणी नव्हे, आणि हा गैरसमज बंदराबंदरावर आहे. तिन्ही धोक्याचेच, फरक फक्त बाजूचा. बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहणार असेल तर 5, उजवीकडे राहणार असेल तर 6, आणि वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर 7. तीव्र वादळाला हेच क्रमाने 8, 9, 10 होतात. 11 म्हणजे इशारा केंद्राशी संपर्कच तुटला.

बाजूला एवढं महत्त्व का? आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे वाटेच्या उजव्या अंगाला वादळाचा पुढे जाण्याचा वेग वाऱ्यात मिळतो आणि डाव्या अंगाला वजा होतो. 3 जून 2020ला ‘निसर्ग’ रायगड किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे गेलं. मुंबई डावीकडे राहिली आणि बरीचशी वाचली. 17 मे 2021ला ‘तौक्ते’ मुंबईला न धडकता भर समुद्रातून उत्तरेला गेलं, पण मुंबई त्याच्या उजव्या अंगाला होती आणि शहर दिवसभर झोडपलं गेलं. नकाशावर वाट लांबून जाताना दिसली तरी आधी आपली बाजू बघा.

प्रश्न : मोबाइलवरच्या रंगीत नकाशांवर कितपत विसंबावं? – मढ

मोठ्या वाऱ्याची दिशा आणि लांबून येणारा स्वेल दोन-तीन दिवस आधी कळायला ते चांगले आहेत. पण मागची संगणकीय मॉडेलं 9 ते 25 किलोमीटरच्या चौकोनांवर हिशेब करतात. एवढ्या चौकोनात खाडी, डोंगर आणि समुद्र एकत्र मिसळून जातात. ही मॉडेलं दिवसातून चार वेळा चालतात, आपल्या घड्याळाने साडेपाच आणि साडेअकरा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही, आणि निकाल यायला आणखी काही तास जातात. म्हणजे सकाळी सातला दिसणारा ताजा नकाशाही आदल्या रात्रीच्या नोंदींवर बेतलेला असतो. दोन मॉडेलं उघडा. ती जुळत नसतील तर अंदाजच कच्चा आहे असं समजा.

ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीकडून संध्याकाळी समुद्रावर उतरणारे गडगडाटी ढग तर ती हमखास चुकवतात. तिथे हवामान खात्याच्या कुलाबा आणि वेरावली इथल्या रडारची चित्रंच कामाची. अर्ध्या तासात ढग किती सरकला ते मोजा, तुमच्यापर्यंत कधी येईल ते निघतं. पूर्वेकडून अचानक गार वारा सुटला तर मोजायलाही वेळ नाही, जाळं आवरा. अडकलात तर व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबरचं चॅनेल आणि तटरक्षक दलाचा 1554 हा फोन नंबर.

प्रश्न : जुलैत समुद्र एवढा खवळतो, मग चक्रीवादळं मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातच का? – गिरगाव

चक्रीवादळाला गरम पाण्याबरोबरच वर सरळ उभं राहायला जागा लागते. पावसाळ्यात खाली जोरदार नैर्ऋत्य वारा आणि बारा-पंधरा किलोमीटरवर त्याहूनही जोरदार पूर्वेचा वारा असतो. उभा राहू पाहणारा ढगांचा खांब त्यांच्या ओढाताणीत तिरपा होऊन मोडतो. जुलैतला खवळलेला समुद्र हे त्याच नैर्ऋत्य वाऱ्याचं काम.

प्रश्न : मांडव्याच्या लाँचने मार्च-एप्रिलमध्ये जाताना कधी काहीच होत नाही, कधी पोटातलं बाहेर येतं. दिवस कसा निवडावा? – दादर

दिवसापेक्षा वेळ निवडा. त्या महिन्यांत दुपारी जमीन तापली की खारे वारे वायव्येच्या वाऱ्यात मिळतात, आणि तीन ते सहाच्या दरम्यान आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी आठची लाँच घ्या आणि मधल्या भागात, मागच्या बाजूला बसा. पुढचं टोक सर्वांत जास्त आपटतं.