पाणी किती अडवतं? वाचकांचे प्रश्न

पोहणाऱ्या जनावराला पाणी किती अडवतं, म्हणजे पाण्याचा रोध किती, याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या प्रश्नांत तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

मेलेला मासा दोरीने ओढून ताणकाट्यावर रोध मोजता येईल का? (विद्यार्थिनी, खानापूर)

येईल, पण तो मेलेल्या माशाचा. तो दोरीला पताकेसारखा फडफडतो आणि आकडा बिघडतो. जिवंत मासा शेपटी थांबवून सरळ अंगाने घसरतो, तेव्हाचं चित्रण करा. वेग किती झपाट्याने उतरतो ते काढून वस्तुमानाने गुणा. अंगाबरोबर हलणारं पाणीही हिशोबात धरावं लागतं, म्हणून आराखडा आधी प्राध्यापकांना दाखवा.

वेग दुप्पट झाला की रोधही दुप्पट?

नाही. साधारण चौपट, आणि लागणारी शक्ती आठपट.

सेलफिश मासा ताशी ११० किलोमीटर पोहतो म्हणतात.

म्हणतात! शिकार करताना प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो ताशी ३० किलोमीटरच्या आसपास भरला. ऐकीव आकडे प्रकल्पात लिहू नका.

आमच्या म्हशी हिडकल धरणाच्या फुगवट्यातून पोहून पलीकडे जातात. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधू का? विक्रेता म्हणतो, वजन काहीच नाही. (शेतकरी, हुक्केरी तालुका)

वजन सांगून विकायची ही युक्ती मला मुळीच पटत नाही. पाण्यात वजन बरंचसं उचललं जातं. अडथळा होतो तो आकाराचा. चौकोनी डबीमागे भोवरे उठतात आणि म्हशीला प्रत्येक झेपेला जादा जोर लावावा लागतो. त्यात म्हैस पोहते पाण्याच्या वरच्या थरात. तिथे लाटा उठवण्यातच ताकद जाते. खोल पोहणाऱ्या अंगापेक्षा एकूण रोध पाचपटीपर्यंत जाऊ शकतो.

मलप्रभा नदीत एकदा लोढणं (गळ्यात दोराने बांधलेला ओंडका) न सोडताच पाण्यात गेलेली रेडी पाहिली. ओंडका तरंगत होता, पण धारेने तो मागे ओढला, दोर ताठ झाला आणि दर झेपेला तिचं नाक पाण्याला टेकू लागलं. दोघांनी दोर कापला तेव्हा ती काठाला लागली. म्हणून सांगतो, लोढणं आधी सोडा. पट्टा चपटा, गोल कडांचा घ्या, डबी मानेवर वरच्या बाजूला राहू द्या. तोही आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पहिल्यांदा उथळ पाण्यातच पाहा. पूर असताना तर म्हशी सोडूच नका.

नदीतल्या पाणमांजराच्या पाठीवर कॅमेरा चिकटवला तर?

हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. आधी वनखात्याकडे जा.