बिघाडच नाही, मग पैसे कशाचे?

प्रश्न : आमचं बारा माणसांचं कार्यालय आहे. कॉम्प्युटर बिघडला की ओळखीचा तंत्रज्ञ येतो, दुरुस्त करतो, पैसे घेऊन जातो. आता एक आयटी सल्लागार कंपनी म्हणते, दरमहा ठरावीक रक्कम द्या, सगळं आम्ही बघू. ज्या महिन्यात काहीच बिघडणार नाही, त्या महिन्याचे पैसे कशाचे द्यायचे?
– एक वाचक

उत्तर : काही बिघडू नये म्हणून केलेल्या कामाचे. बोलावल्यावर येणाऱ्याची कमाई तुमच्या बिघाडावर असते. मासिक करारात बिघाड वाढले की भुर्दंड सल्लागाराला बसतो. अर्थात, तो खरंच काम करत असेल तर. म्हणून दर महिन्याला काय केलं याचा लेखी अहवाल मागा : कुठल्या मशीनवर अपडेट टाकले, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केली का, बॅकअप तपासला का. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम (रॅन्समवेअर) जगभर पसरला, तेव्हा तो विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरत होता, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. अनेकांनी तो टाकलाच नव्हता.

बॅकअपच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. नव्या ग्राहकाकडे गेले की विचारते, बॅकअप होतो का? ‘हो, रोज होतो,’ हे उत्तर ठरलेलं. मग म्हणते, गेल्या मंगळवारची हिशेबाची फाइल परत आणून दाखवा. एका ठिकाणी डिस्क जोडलेली होती, दिवा लुकलुकत होता, रोज रात्री ‘बॅकअप यशस्वी’ असा मेलही येत होता. फाइल उघडली, तर शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची! हिशेबाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर हलवलं होतं आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा चालू होता. शिवाय डिस्क कायम जोडलेली, म्हणजे रॅन्समवेअर शिरलं असतं तर मूळ फाइलींबरोबर तीही कुलूपबंद. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक कार्यालयाबाहेर, एवढं हवंच. आणि फाइल परत आणून बघण्याची चाचणी नियमित व्हायला हवी.

करारात ‘चार तासांत प्रतिसाद’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ चार तासांत कोणीतरी तुमच्या तक्रारीची दखल घेईल, इतकाच. दुरुस्तीला किती वेळ लागेल, ते वेगळं लिहून घ्या. नवं सॉफ्टवेअर बसवणं, जागा बदलणं ही कामं बहुतेकदा मासिक रकमेत धरलेली नसतात, तेही विचारा.

एका गोष्टीवर मात्र अजिबात तडजोड करू नका. डोमेन (म्हणजे तुमच्या वेबसाइटचं आणि ईमेलचं इंटरनेटवरचं नाव), ईमेलचं मुख्य अ‍ॅडमिन खातं, सॉफ्टवेअरचे परवाने, सगळं तुमच्या संस्थेच्या नावावर हवं. सल्लागाराला वापरायचे अधिकार द्या, मालकी देऊ नका. डोमेन त्याच्या नावावर असेल आणि उद्या तुमचं बिनसलं, तर वेबसाइट आणि ईमेल दोन्ही त्याच्या हातात राहतात. करार संपल्यावर पासवर्ड आणि नेटवर्कची माहिती किती दिवसांत सोपवायची, हे सही करण्याआधी ठरवा. भांडण झाल्यावर ते ठरत नाही.

तुमच्या जागी मी असते तर करार केला असता, पण आधी पहिल्या भेटीत ते काय विचारतात ते पाहिलं असतं. तुमचं कुठलं काम दिवसभर बंद राहिलं तरी चालेल आणि कुठलं तासभरही चालणार नाही, हे न विचारताच कोणी दरपत्रक पुढे केलं, तर तो आकडा कशावरून काढला ते त्यांना विचारा.