इंजिन रूममध्ये नवा आहेस, तर आधी बिल्जकडे बघ

धुराड्यातला धूर सगळ्यांना दिसतो, बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं तेलकट पाणी कुणालाच नाही. ते तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून काढून, तेल १५ पीपीएमच्या (दहा लाखात १५ भाग) आत असेल तरच समुद्रात सोडायचं, तेही जहाज चालू असताना. ऑइल रेकॉर्ड बुकात नोंद लगेच कर. तपासनीस तुझे आकडे टाक्यांच्या पातळीशी ताडून बघतात. तेल मोजणाऱ्या सेन्सरला गोडं पाणी दाखवून फसवायला कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हण. असल्या 'युक्त्यां'पायी इंजिनिअर तुरुंगात गेलेत!

धुरातलं गंधक धुऊन काढणारा स्क्रबर नसेल, तर २०२० पासून इंधनात गंधक जास्तीत जास्त ०.५० टक्के, उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रात ०.१०. त्या क्षेत्राच्या हद्दीत शिरण्यापूर्वी इंधनबदल पूर्ण झालेला हवा, म्हणून लवकर सुरू कर. जहाजाचा तोल राखायला भरलेल्या बॅलास्टच्या पाण्यातून परके जीव दुसऱ्या बंदरात पोचतात. शुद्धीकरण यंत्रणा बिघडली तर परस्पर पाणी सोडू नकोस, आधी चीफ इंजिनिअरला कळव.