महासाथीत विजेचा वापर नुसता घटतो, की त्याची पद्धतही बदलते?

आपला प्रश्न असा आहे की, महासाथीमुळे विजेचा वापर केवळ कमी होतो का, की तो वापरण्याच्या पद्धतीतही फरक पडतो. नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम मी त्या काळात पाहत होतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी मी मीटरवर पाहिल्या आहेत.

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि त्या एप्रिलमध्ये देशाचा वीजवापर आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे २३ टक्क्यांनी घटला. ही घट सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. सातपूर, अंबड व सिन्नरचे कारखाने, दुकाने, कार्यालये आणि विजेवर धावणाऱ्या प्रवासी गाड्या थांबल्या. घरोघरी मात्र पंखे, कूलर आणि संगणक दिवसभर चालू राहिले. शेतीपंपांचे म्हणाल, तर खरड छाटणी झालेल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेला पाणी लागतेच, मग साथ असो वा नसो. सकाळी कामाच्या वेळेला चढणारा भार रेंगाळत चढू लागला, आणि सुट्टीचा वार व कामाचा वार यांतला फरक जवळजवळ पुसला गेला.

मागणी घटली म्हणजे यंत्रणेला आराम मिळतो, हा समज मात्र चुकीचा आहे. भार कमी असलेल्या लांब वाहिन्यांवर व्होल्टेज वाढते, त्यामुळे त्या काळात काही अतिउच्चदाब वाहिन्या मुद्दाम बंद ठेवाव्या लागल्या. हाच प्रकार लहान प्रमाणावर आमच्याकडेही घडला: मोटारी बंद होत्या, पण त्यांना लागणाऱ्या चुंबकीय (रिॲक्टिव्ह) शक्तीची भरपाई करणारे कपॅसिटर चालूच राहिले होते, आणि त्यामुळे पॉवर फॅक्टर लीडिंग झाला, म्हणजे ती भरपाई गरजेपेक्षा जास्त होऊ लागली. ही चूक सर्वस्वी आमचीच होती. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. औष्णिक संच इतक्या झटपट कमी-जास्त करता येत नसल्यामुळे तो भार मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी सांभाळला.

घरगुती बिलांवरून जो गदारोळ झाला, त्याचे मूळही या बदलातच होते. मीटरवाचन थांबल्यामुळे हिवाळ्यातील महिन्यांच्या सरासरीने बिले आली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाल्यावर उन्हाळ्यातील सारा वाढीव वापर एकाच कागदावर उमटला. स्लॅबचा, म्हणजे वापराच्या टप्प्यांनुसार ठरणाऱ्या दरांचा, लाभ महिन्यांनुसार विभागून दिलेला असला, तरी तो हिशेब बिलावरून समजून घेणे सामान्य ग्राहकाला सोपे नव्हते, हे मान्य करावे लागेल.

माझ्या मते वापर घटवते ती टाळेबंदी. रोग स्वतः तो फारसा घटवत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नाशिकमध्ये रुग्णसंख्या आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी अधिक होती, तरीही अटी पाळून कारखाने चालू ठेवता येत असल्यामुळे विजेची मागणी आदल्या एप्रिलइतकी कोसळली नाही. शिवाय त्या वेळी ज्याची सर्वाधिक निकड होती, तो ऑक्सिजन हवेतून वेगळा करणाऱ्या प्रकल्पांनाच भरपूर वीज लागते.