शिफ्ट + २ दाबलं तरी @ येत नाही

प्रश्न : अँड्रॉइड फोनला ब्लूटूथ कीबोर्ड जोडला आहे. क्रोममध्ये ईमेल टाकताना शिफ्ट + २ दाबलं की @ ऐवजी " उमटतं. मराठीसाठी स्क्रीनवरचा कीबोर्ड हवा, तर तो वर येतच नाही. दुसरा ब्राउझर घेऊन पाहिला, तरी तेच. (एक वाचक, मिरज)

उत्तर : दोन्ही ब्राउझरमध्ये तेच होतं, म्हणजे दोष बहुतेक ब्राउझरच्या अलीकडे, फोनच्या सेटिंग्जमध्ये आहे. कीबोर्ड फोनला अक्षर पाठवत नाही. कोणती कळ दाबली, त्या कळीचा फक्त क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर फोन ठरवतो. आपल्याकडे मिळणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे असतात. फोनने ब्रिटिश मांडणी धरली, की शिफ्ट + २ ला " आणि शिफ्ट + ३ ला £ येतो. £ येतो का ते आधी पाहा. आला तर निदान पक्कं.

कीबोर्ड जोडलेला ठेवूनच सेटिंग्ज, सिस्टीम, भाषा व इनपुट, फिजिकल कीबोर्ड असे जा आणि आपल्या कीबोर्डसाठी इंग्लिश (यूएस) मांडणी निवडा. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘फिजिकल’ टाकलं तर लवकर सापडेल. स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवत राहण्याचं बटणही तिथेच असतं, ते चालू करा. बाहेरचा कीबोर्ड जोडला की अँड्रॉइड स्क्रीनवरचा मुद्दाम लपवतो. दुकानातला बारकोड स्कॅनरही बहुधा फोनला कीबोर्डच वाटतो. त्यामुळे स्कॅनर जोडल्यावर टायपिंग बंद पडलं, तरी इलाज हाच.

आयफोन-आयपॅडवर ही मांडणी सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, हार्डवेअर कीबोर्ड इथे मिळते. आयफोनवर ब्राउझर बदलून केलेली परीक्षा मात्र कच्ची समजा: आपल्याकडे तिथले क्रोम आणि फायरफॉक्सही आतून सफारीचंच वेबकिट हे पान दाखवणारं इंजिन वापरतात. त्याऐवजी आधी नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये, मग ब्राउझरच्या पत्तापट्टीत आणि शेवटी पानावरच्या चौकटीत तेच शब्द टाइप करा. पहिल्या दोन्हीकडे नीट उमटलं आणि पानावर अडलं, तर संशय त्या पानावर.

प्रश्न : टाइप करताना मध्येच एखादं अक्षर दहा-दहा वेळा उमटतं. बिनतारी कीबोर्डचा डोंगल आणि पेनड्राइव्ह फोनला लावलेल्या एकाच यूएसबी हबमध्ये आहेत. (एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘कळ सुटली’ हा संदेश वाटेत हरवतो, मग कळ दाबूनच ठेवली आहे असं समजून फोन अक्षर गिरवत राहतो. असे डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि यूएसबी ३.० ची उपकरणं नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. पेनड्राइव्ह काढून पाहा. त्याने थांबलं, तर डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरने हबपासून दूर न्या. नाहीच थांबलं, तर कीबोर्डचे सेल बदला.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर बाहेरच्या कीबोर्डवरून इंग्रजी टाइप केलं की पुस्तकांची यादी अक्षरागणिक गाळली जाते. फोनच्या कीबोर्डवरून लिहिलं की यादी हलतच नाही. काही वाचकांचा मराठी शब्द जुळत असतानाच एंटरने शोध सुरू होतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पान बनवणाऱ्याने प्रत्येक कळीचा ‘कीडाउन’ (कळ दाबली की पानाला मिळणारा संदेश) वाचून काम भागवलेलं दिसतं. बाहेरच्या कीबोर्डवर त्यात खरी कळ कळते. अँड्रॉइडच्या स्क्रीन-कीबोर्डवर मात्र शब्द आधी कीबोर्डच्या अ‍ॅपमध्ये जुळतो आणि पानाला बहुतेक कळींसाठी एकच कीकोड (कळीचा क्रमांक) मिळतो : २२९. म्हणून यादी गाळण्यासाठी ‘इनपुट’ ही घटना ऐकायला सांगा. ती चौकटीतला मजकूर बदलला की येते, मग तो कोणत्याही कीबोर्डवरून आलेला असो.

एंटरसाठी ‘इझकंपोझिंग’ (शब्द अजून जुळतो आहे का, हे सांगणारी खूण) तपासायला सांगा. ते खरं असेल तर शोध सुरू करायचा नाही. सफारीत एवढ्याने भागत नाही. शब्द पक्का करणारा एंटर तिथे जुळणी संपल्यानंतर येतो, त्यामुळे ‘इझकंपोझिंग’ खोटं निघतं, पण कीकोड २२९ च असतो. म्हणून दोन्ही अटी घाला : एक जरी खरी निघाली, तरी शोध सुरू करायचा नाही.