एम.एस्सी. आणि सेट झाल्यावर स्वतःला भौतिकशास्त्रज्ञ म्हणवता येईल का?

आपण भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन पदवी महाविद्यालयात शिकवत आहात आणि स्वतःला भौतिकशास्त्रज्ञ म्हणवून घ्यावे की नाही, असे आपण विचारले आहे. वकिली करायची तर सनद लागते, दवाखाना थाटायचा तर नोंदणी लागते. भौतिकशास्त्रज्ञासाठी आपल्या देशात तसे काही नाही, त्यामुळे कायद्याने आपल्याला कोणी अडवणार नाही. रुग्णालयात किरणोपचाराच्या मात्रेचे गणित मांडणारा मेडिकल फिजिसिस्ट हा अपवाद. त्याचे शिक्षण अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसावे लागते, आणि ते रास्तच आहे.

व्यवहारात मात्र पीएच.डी. धरली जाते. एम.एस्सी.नंतर नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा देऊन टीआयएफआर, आयसर अशा एखाद्या संशोधन संस्थेत प्रवेश मिळवायचा, पाच-सहा वर्षे घालवायची आणि पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे काही काळाचे संशोधनपद, असा हा रस्ता आहे. सेट ही शिकवण्याची पात्रता आहे, संशोधनाची नव्हे. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ फार होते.

त्या पाच-सहा वर्षांत नेमके काय घडते, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. मी धातूच्या पातळ थराचा विद्युत रोध द्रवरूप हेलियमच्या अतिथंड तापमानापर्यंत मोजत असे. आलेखात एका ठिकाणी बारीकशी पायरी दिसू लागली आणि काहीतरी नवे हाती लागले या आनंदात मी तीन आठवडे घालवले. माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला आणि एवढेच म्हणाले, "तारा पुन्हा चिकटवून मोज." चांदीच्या लेपाने चिकटवलेली एक तार थंड होताना सैल होत होती, ती नीट बसवली आणि पायरी नाहीशी झाली. स्वतःच्या निष्कर्षावर असा संशय घेण्याची सवय परीक्षेच्या गुणपत्रिकेत उमटत नाही, पण माझ्या मते खरी पात्रता तीच आहे.

पदवी म्हणजे सर्वस्व नव्हे, हे सांगायला रामन यांचे नाव नेहमी घेतले जाते. 1907 साली एम.ए. झाल्यावर ते वित्त खात्यात नोकरीला लागले आणि 1917 साली कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होईपर्यंत कचेरीच्या आधी व नंतर कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. सत्येंद्रनाथ बोस यांचीही पीएच.डी. नव्हती, 1924 साली त्यांनी ढाक्याहून पाठवलेला निबंध आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून छापायला दिला. पीएच.डी. टाळू पाहणारे ही उदाहरणे पुढे करतात, तेव्हा या दोघांनी इतरांना पडताळून पाहता येईल असे काम छापले होते, हे सोयीस्करपणे विसरतात.

म्हणून आज मी आपल्याला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणेन, भौतिकशास्त्रज्ञ म्हणणार नाही, आणि यात कमीपणा काहीच नाही. तरीही त्या बाजूला जायची इच्छा असेल, तर पुण्याची आयुका ही संस्था 1988 साली स्थापन झाली तीच मुळी विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील शिक्षकांना खगोलशास्त्रात संशोधन करता यावे म्हणून. तिथल्या सहयोगी योजनेचे सध्याचे नियम पाहून घ्या. मात्र अर्ज करण्याआधी, आपल्याला नेमके काय मोजायचे किंवा काढायचे आहे, हे एका पानात लिहून काढा.