स्लायसर लावू हो, पण आधी त्या बारा शीट एक करा

प्रश्न : आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे, १४० च्या आसपास उत्पादक, हिशोब मी बघतो. एक्सेलमध्ये महिन्याला एक अशा बारा शीट आहेत, उभे उत्पादक आणि आडव्या तारखा. मीटिंगला ग्राफ करून नेला की एकजण म्हणतो फक्त म्हशीचं दाखव, दुसरा म्हणतो संध्याकाळचं दाखव, आणि मी सगळ्यांसमोर ग्राफ परत करत बसतो. बटण दाबलं की ग्राफ बदलतो असं काहीतरी असतं म्हणे, ते कसं करायचं? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : त्या बटणाला स्लायसर म्हणतात, एक्सेल २०१० पासून आहे आणि लावायला खरंच दोन मिनिटं लागतात. पण तुमच्या आत्ताच्या फाइलवर तो काही कामाचा नाही, कारण त्या आडव्या तारखा. वाचायला ती मांडणी झकास, वहीतही आपण तशीच ओढतो, पण स्लायसर ज्यावर चालतो त्या पिव्हट टेबलच्या (लांब यादीतून हव्या तशा बेरजा काढून देणारी एक्सेलची सोय) लेखी ३१ तारखा म्हणजे ३१ वेगळे कॉलम, हा एकच महिना आहे हे त्याला कुठून कळणार.

म्हणून आधी एकच शीट करा आणि एका मापाला एक ओळ : तारीख, सकाळ-संध्याकाळ, उत्पादकाचा कोड, गाय-म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. बस. रिकामी ओळ नाही, मध्येच महिन्याची बेरीज नाही, मर्ज केलेले (जोडून एक केलेले) सेल तर अजिबात नाहीत. १४० जण दोन्ही वेळ वर्षभर धरले तरी १,०२,२०० ओळी होतात आणि शीटमध्ये १०,४८,५७६ मावतात, तेव्हा जागेची काळजी सोडा. जुन्या बारा शीट हातानं उलट्या करत बसू नका, फॅट काढायच्या मशीनबरोबर जे सॉफ्टवेअर असतं त्यातून एक्सेल किंवा सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साध्या मजकुराची) फाइल निघते का ते आधी बघा, बऱ्याचदा निघते आणि ती अशीच ओळीओळीची असते. नसेल निघत तर मी तरी जुनं सोडून देईन आणि येत्या एक तारखेपासून नवीन शीट सुरू करेन.

तारखांचं मात्र बघा. ५.३.२५ असं टिंब देऊन टाकलं की एक्सेल बहुतेक वेळा त्याला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर मानतं. त्याहून वाईट म्हणजे कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०३ ची गुपचूप ३ मे होते आणि १३/०३ मजकूर म्हणून पडून राहते, म्हणजे अर्धा महिना एकीकडे आणि अर्धा भलतीकडे. विंडोजमध्ये रीजन इंडिया करून घ्या. सेलमध्ये डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की समजायचं गडबड आहे (अलाइनमेंट तुम्हीच बदलली नसेल तर), मग तो कॉलम निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, आणि तिसऱ्या पायरीला डेट म्हणून डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडायचं.

आता कंट्रोल-टी दाबून त्याचं टेबल करा, म्हणजे खाली नवीन ओळ टाकली की ती आपोआप आत येते. इन्सर्टमधून पिव्हट टेबल, त्यावर पिव्हट चार्ट, आणि इन्सर्ट स्लायसरमधून गाय-म्हैस आणि सकाळ-संध्याकाळ ही दोनच बटणं. १४० कोडचा स्लायसर लावू नका, त्यात शोधायची सोयच नसते, नुसतं खाली-वर सरकवत बसाल. दोन-तीन ग्राफ एकाच बटणावर फिरवायचे असतील तर स्लायसरवर राइट क्लिक, रिपोर्ट कनेक्शन्स, आणि तिथे सगळ्या पिव्हटवर टिक. तारखेसाठी टाइमलाइन असते, २०१३ पासून. आणि टेबलमध्ये नवीन दूध चढवलं तरी पिव्हट सहसा स्वतःहून बदलत नाही, मीटिंगला जायच्या आधी रिफ्रेश ऑल दाबायचं, हे मी स्वतः दोनदा विसरलोय आणि दोन्ही वेळा मागच्या महिन्याचे आकडे मोठ्या आत्मविश्वासानं वाचून दाखवलेत.

दुधाचा पगार दहा-दहा दिवसांचा असेल तर पिव्हटमधलं दहा दिवसांचं ग्रुपिंग वापरू नका, ते सरळ दहा-दहा मोजत जातं, ३१ तारीख आली की पुढचं सगळं एक दिवस सरकतं. टेबलमध्ये हप्ता नावाचा एक कॉलम वाढवा, दिवस १० पर्यंत तर १, २० पर्यंत तर २, नाहीतर ३.

आणि आता ज्यात भांडणं होतात ते. पिव्हटमध्ये फॅटला अ‍ॅव्हरेज लावलं की ती सरासरी चुकते. समजा एकानं सकाळी ८ लिटर घातलं ३.५ फॅटचं आणि संध्याकाळी २ लिटर ४.५ चं. एक्सेल म्हणणार सरासरी ४.०, पण सगळं दूध एका कॅनमध्ये ओतलं तर फॅट ३.७ येते, कारण ८ लिटर पातळ आहे ना. म्हणून टेबलमध्ये लिटर गुणिले फॅट असा कॉलम घ्या (त्याला फॅटलिटर म्हणू), मग पिव्हट अ‍ॅनलाइझमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड करून फॅटलिटर भागिले लिटर. हे फील्ड आधी बेरजा करतं आणि मग भागतं, आपल्याला तेच हवंय, आणि बटण कुठलंही दाबा आकडा बरोबरच येतो. फक्त गाय आणि म्हैस एकत्र करून फॅट दाखवू नका, साडेतीन आणि साडेसहाची सरासरी काढून जो आकडा येतो तो कुठल्याच जनावराचा नसतो.

प्रश्न : सोसायटीच्या मेंटेनन्सचा रिपोर्ट पिव्हटवर केलाय. शीट प्रोटेक्ट केली की स्लायसर चालत नाही. शिवाय फाइल सगळ्यांच्या ग्रुपवर टाकायचीय. – खजिनदार, डोंबिवली

उत्तर : प्रोटेक्ट करायच्या आधी स्लायसरवर राइट क्लिक, साइझ अँड प्रॉपर्टीज, तिथे लॉक्डची टिक काढा. मग प्रोटेक्ट करताना जी यादी येते त्यात पिव्हट टेबल अँड पिव्हट चार्ट वापरण्याची परवानगी द्या. रिफ्रेश मात्र प्रोटेक्ट काढूनच होईल.

पण फाइल ग्रुपवर टाकू नका हो. मूळ डेटाची शीट तुम्ही उडवली तरी पिव्हटच्या पोटात त्याची कॉपी राहते, थकबाकीच्या बेरजेवर कुणी डबल क्लिक केलं की कुठल्या फ्लॅटचे किती बाकी ते नावानिशी नवीन शीटवर हजर. सेटिंगमधून हे बंद करता येतं, पण त्यापेक्षा पीडीएफ पाठवा आणि बटणं मीटिंगमध्ये लॅपटॉपवर दाबा.

प्रश्न : एक्सेल विकत घेतलेलं नाही, गूगल शीट्सवर जमेल का? – एक शिक्षिका

उत्तर : जमेल. डेटा मेनूत अ‍ॅड अ स्लायसर आहे, त्याच शीटवरचे त्याच डेटावरचे चार्ट आणि पिव्हट त्यानं बदलतात. तुम्ही लावलेलं फिल्टर तुम्हालाच दिसतं, सगळ्यांना दाखवायचं तर ते डीफॉल्ट म्हणून सेट करावं लागतं. एका फाइलमध्ये १ कोटी सेल चालतात, शाळेची हजेरी त्यात कितीतरी वर्षं बसेल. ती पण आडव्या तारखांची असेल तर वरचं उत्तर वाचा.